थांबण्याचा भाव: एका ग्राफिक्स कार्डाच्या खरेदीचा हिशेब

माझी भाची सांगलीत राहून थ्रीडीची कामं करते. आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाले प्लॅन पाठवतात, ती मॉडेल उभं करते, मटेरियल आणि लाइट लावते आणि व्ह्यू रेंडर करून, म्हणजे फोटोसारखं चित्र तयार करून देते. २०२२ साली एका व्ह्यूचे तिला १,५०० रुपये मिळायचे. एप्रिलच्या मध्यावर तिचा फोन आला: "मामा, दुकानदार म्हणतोय कार्ड आता मिळायला लागलंय. घेऊ का थांबू?"

घरातल्या, ओळखीच्या लोकांची मशीन्स मी गेली बरीच वर्षं जोडून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. मी तिला "थांब" म्हणालो. त्या एका शब्दाचं पुढे काय झालं ते इथे सविस्तर लिहितो आहे. या सल्ल्यात एक गोष्ट बरोबर होती आणि एक चुकीची, आणि चुकीची महागात पडली.

तिच्याकडे तेव्हा जीटीएक्स १०५० टीआय होतं. २०१६ चं, ४ जीबी मेमरीचं कार्ड. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ७५ वॅटमध्ये मदरबोर्डच्या स्लॉटवरच चालतं, म्हणून साध्या मशीनमध्ये लोक तेच टाकायचे. ती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनवर रेंडर करायची. बेडरूम किंवा किचनचा साधा व्ह्यू असेल तर सव्वादोन-अडीच तास. रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं. सकाळी कळायचं की सोफ्याचं कापड चुकलंय, की पुन्हा एक रात्र.

पण वेळेपेक्षा मोठी अडचण मेमरीची होती. सायकल्सला सगळं दृश्य, म्हणजे मॉडेल, टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं), झाडं, पडदे, शक्यतो कार्डाच्या मेमरीत बसवावं लागतं. बंगल्याचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू असेल आणि समोर बाग असेल तर ४ जीबी केव्हाच भरून जायचे आणि रेंडर मध्येच थांबायचा. मग ती टेक्श्चर लहान करायची, झाडं कमी करायची, काही वस्तू वेगळ्या रेंडर करून नंतर जोडायची. हे सगळं ती इतक्या शांतपणे करायची की यात तिचे किती तास जातात हे मला फोनवर कधी जाणवलंच नाही. तिला हवं होतं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. निवड तिची होती आणि अगदी नेमकी होती. त्या किमतीच्या आसपास १२ जीबी देणारी आणि ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स या एन्व्हिडियाच्या वेगवान पद्धतीवर पळणारी कार्डं फारशी नव्हतीच.

भाव चढले का होते

हे कार्ड २५ फेब्रुवारी २०२१ ला बाजारात आलं. अमेरिकेत ३२९ डॉलर आणि आपल्याकडे २९,५०० रुपयांपासून, असं जाहीर झालं होतं. त्या भावाला ते वर्षभर दिसलं नाही. २०२१ मध्ये आम्ही विचारलं तेव्हा दुकानदाराने दुपटीच्या वरचा आकडा सांगितला होता, तोही "आज आहे, उद्याचं सांगता येत नाही" असं म्हणून. कोविडमुळे घरून काम सुरू झालं होतं, चिप कमी पडत होत्या, आणि या दोन्हींच्या वर इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग होतं, म्हणजे मशीनला गणितं सोडवायला लावून नाणी मिळवणं. इथेरियमच्या मायनिंगला मेमरी वेगाने वाचू-लिहू शकणारी कार्डं लागायची, आणि ग्राफिक्स कार्डाची खासियत तीच आहे. नाणं मिळवून देणाऱ्या वस्तूचा भाव त्या नाण्याच्या भावामागे धावतो. कार्डाची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने ३०६० मध्ये मायनिंगचा वेग निम्मा करणारं बंधन घातलं, पण मार्च २०२१ मध्ये त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या चाचणीतल्या सॉफ्टवेअरने) ते उघडलं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, ४,८०० डॉलरच्या वर गेलं होतं.

एप्रिल २०२२ मध्ये मी "थांब" म्हणालो त्यामागे याचाच आधार होता. इथेरियम मायनिंग बंद करून दुसऱ्या पद्धतीवर जाणार हे ठरलेलं होतं. त्या बदलाला सगळे मर्ज म्हणत होते. तो झाला की लाखो कार्डांचं काम एका दिवसात संपणार होतं. भाव चढवणाऱ्या कारणालाच शेवटची तारीख होती, आणि अशी संधी क्वचित येते. तारीख मात्र सरकत होती. लोक जून धरून बसले होते, आणि त्याच एप्रिलच्या मध्यात विकासकांनी जूनमध्ये जमणार नाही, त्यानंतरच्या काही महिन्यांत होईल, असं सांगितलं.

कोल्हापुरातल्या दुकानात तेव्हा ३०६० चा भाव आम्हाला ४३,००० सांगितला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फोन केला तर हजारभर कमी, पण कुरियर आणि वॉरंटीसाठी मुंबईची फेरी धरली तर फरक उरत नव्हता. माझा अंदाज होता की दिवाळीपर्यंत भाव ३३,००० च्या आसपास येईल. दहा हजार रुपये वाचतील. सहा महिने जुन्या कार्डावर काढले तर काय बिघडतं, असं मी म्हणालो आणि तिने ऐकलं.

मेमध्ये गेलेलं काम

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेच्या एका बिल्डरकडून तिला ब्रोशरचं काम आलं. एका सोसायटीचे २० व्ह्यू, दहा दिवसांत. त्यात सहा बाहेरचे होते: प्रवेशद्वार, बाग, मुलांची खेळायची जागा, टेरेस. तिने एक दिवस घेऊन एक बाहेरचा व्ह्यू लावून बघितला. झाडं टाकल्यावर मेमरी भरली. वीस व्ह्यूंचे नुसते अंतिम रेंडरच ४५ तासांच्या वर जात होते, त्याआधीच्या ट्रायल वेगळ्या, बिल्डर सांगेल ते बदल आणखी वेगळे. तिने काम नाकारलं. ३०,००० रुपयांचं काम होतं ते.

मला हे तिने लगेच सांगितलं नाही. मेअखेरीला भाव विचारायला फोन केला तेव्हा बोलण्यात आलं. माझं मन खट्टू झालं. मी दहा हजार वाचवायला सांगितले होते आणि तिचे तीस हजार गेले होते.

तिच्यावर किती बोजा आहे हे मी विचारलंच नव्हतं, ही माझी चूक. मी कार्डाच्या भावाचा आलेख पाहत होतो. इथर किती उतरलं, दुकानात माल किती आला, पुढची पिढी कधी येणार, हे सगळं मला पाठ होतं. तिच्या महिन्यात किती व्ह्यू होतात आणि किती नाकारले जातात हे मात्र माहीत नव्हतं. कार्डाबद्दल विचारणारे बहुतेकजण याच जागी अडकतात असं माझं निरीक्षण आहे, कारण किमतीबद्दल जितकी माहिती मिळते तितकी आपल्या स्वतःच्या कामाबद्दल कोणीच देत नाही. ती आपल्यालाच वहीत लिहावी लागते.

मग आम्ही ती वही केली. तिने एप्रिल-मेच्या डायरीतून शोधून काढलं: महिन्याला सरासरी चार व्ह्यू ती वेळ नाही म्हणून किंवा मेमरीत बसणार नाही म्हणून सोडत होती. म्हणजे ६,००० रुपये महिना. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत थांबण्याची किंमत ब्रोशर सोडूनही ९,००० झाली होती. हाच हिशेब एप्रिलमध्ये मांडला असता, तर दहा हजारांच्या आशेवर थांबायचा सल्ला मी दिला नसता.

पण मे संपला होता, आणि इथे तिने एक गोष्ट सांगितली जी माझ्या ध्यानात नव्हती. जून ते ऑगस्ट तिच्याकडे काम कमी असतं. पाऊस सुरू झाला की साइट थंडावतात, नवे बंगले निघत नाहीत, इंटिरियरवाले आधीची कामं उरकत असतात. गणपतीनंतर हलचल होते आणि दसरा-दिवाळीच्या मुहूर्तांसाठी सगळे एकदम धावत येतात. गेल्या दोन वर्षांची डायरी तेच सांगत होती. पावसाळ्यात ती महिन्याला जेमतेम एखादा व्ह्यू सोडते.

म्हणजे थांबण्याचा भाव दर महिन्याला सारखा नव्हता. मेमध्ये ६,०००, जुलैमध्ये १,५००. दुकानातला भाव तोवर ३८,५०० झाला होता. ऑगस्टअखेरपर्यंत तो ३२-३३ हजारांवर आला तर सहाएक हजार वाचणार होते, आणि तीन महिने थांबण्याची किंमत साडेचार हजार. फरक फार नाही, पण या वेळी तो थांबण्याच्या बाजूने होता. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे लाइट सारखी जाते. नवं कार्ड घालून रेंडर लावायचा आणि यूपीएस दहा मिनिटांत बसायचा, यात अर्थ नव्हता.

"पण मामा, तुम्ही परत 'थांब' म्हणालात तर किती दिवस ते आत्ताच सांगा," ती म्हणाली. म्हणून आम्ही दोन रेघा आखल्या. दुकानातला भाव ३३,००० ला आला की त्या दिवशी घ्यायचं. नाही आला तरी गणेश चतुर्थीच्या आत, म्हणजे ३१ ऑगस्टच्या आत, जो भाव असेल त्या भावाला घ्यायचं. मर्ज होवो न होवो.

मधले दोन महिने

थांबायचं ठरलं की हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. ती ब्लेंडर २.९३ वर होती, कारण चालू काम मोडायला नको. पावसाळ्यात काम कमी असताना तिने ३.१ घेतलं. ३.० पासून सायकल्सची गाभ्यातली रचनाच बदलली होती, आणि तिच्या जुन्या कार्डावरही रेंडरचा वेळ कमी झाला. नवं कार्ड येईपर्यंत फाइल्स नव्या आवृत्तीत नीट उघडतात का, हेही त्यात तपासून झालं.

जुलैमध्ये सेकंडहँड मालाचा मोह झाला. मायनिंगवाले माल काढायला लागले होते. ऑनलाइन जाहिरातीत एएमडी कंपनीचं ८ जीबीचं आरएक्स ५८० अगदी स्वस्तात दिसत होतं. मी तेव्हा ब्लेंडरची यादी नीट वाचली. एएमडीची कार्डं ज्यावर रेंडर करायची ते ओपनसीएल ३.० मध्ये काढून टाकलं होतं आणि त्याच्या जागी हिप आलं होतं, पण ते नव्या पिढ्यांसाठी. ५८० त्यात नव्हतं. म्हणजे गेम खेळायला ते कार्ड उत्तम, आणि तिच्या कामाला शून्य. कार्ड स्वस्त की महाग हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालायचं त्यावर ठरतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पुरती पटली.

एक ३०६० टीआय बघायला आम्ही इचलकरंजीला जाऊनही आलो. वेगवान कार्ड, पण ८ जीबीचं, बिल नाही, आणि मेमरीवरच्या थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतून) तेल पाझरून कार्डाच्या सर्किटवर आलेलं. मायनिंगमध्ये कार्डाच्या मेमरीवर चोवीस तास ताण असतो, पंखे झिजतात. विकणारा माणूस सरळ होता, काही लपवलं नाही त्याने. पण जिचं घर त्या मशीनवर चालतं तिने बिल आणि वॉरंटी नसलेलं कार्ड घेऊ नये, एवढं मी ठामपणे म्हणालो, आणि आजही म्हणेन.

याच दिवसांत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसचा हिशेब केला. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि वेगळी आठ पिनांची केबल. तिच्या कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसला ती केबल नव्हतीच. चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस ४,२०० ला आणला. जुना ६०० व्हीएचा यूपीएस रेंडर चालू असताना पुरणार नव्हता, तोही मोठा घ्यावा लागला. कार्डाच्या भावात हजार-पाचशे इकडेतिकडे झाले तर आपण तळमळतो, आणि हे दहा हजार कुणी धरतच नाही. आणखी एक: तिचं उत्पन्न जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे कार्डावरचा १८ टक्के जीएसटी तिला परत मिळत नाही. दुकानदार "प्लस जीएसटी" भाव सांगतो तेव्हा तो पुरा धरायचा.

खरेदी

मर्जकडे आम्ही पायऱ्या मोजत बघत होतो. आधी इथेरियमच्या चाचणी जाळ्यांवर बदल करून बघायचे ठरले होते. ८ जूनला रोप्स्टेन झालं, ६ जुलैला सेपोलिया, आणि अमेरिकेतल्या १० ऑगस्टच्या रात्री, आपल्याकडे ११ ची सकाळ झाली होती, गोएर्ली. शेवटची चाचणी पार पडली म्हणजे खरा बदल आता काही आठवड्यांवर. जूनमध्ये इथर हजार डॉलरच्या आसपास आलं होतं, त्यामुळे मायनिंगचा नफा आधीच आटला होता. आणि ८ ऑगस्टला एन्व्हिडियाने जाहीर केलं की गेमिंगची विक्री आधीच्या तिमाहीपेक्षा ४४ टक्क्यांनी पडली आहे. दुकानं कार्डांनी भरली होती.

भाव मात्र डॉलरमध्ये जितका उतरला तितका आपल्याकडे उतरला नाही. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, जुलैत त्याने ८० ओलांडले. आयात मालासाठी थांबणाऱ्याने हा धोका धरलाच पाहिजे. वस्तू स्वस्त होत असताना रुपयाही स्वस्त होऊ शकतो. जूनअखेर ३५,०००, जुलैअखेर ३३,५००, असं ते घुटमळत खाली आलं.

राखी पौर्णिमा त्या वर्षी ११ ऑगस्टलाच होती. मी सांगलीला गेलो होतो. दुकानातून फोन आला, ३२,८००. रेघ ओलांडली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन तिने स्वतः कार्ड घेतलं, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. संध्याकाळी मशीनमध्ये बसवलं. पहिला रेंडर तिने तोच लावला, मेमध्ये अडलेला बागेचा व्ह्यू, एकही झाड न काढता. सतरा मिनिटं लागली. ती काही बोलली नाही, फक्त टेबलावरची जुनी वही उचलून कपाटात ठेवली.

मर्ज १५ सप्टेंबरला झाला. मला वाटलं होतं त्यानंतर भाव कोसळेल. कोसळला नाही. सप्टेंबरअखेर त्याच दुकानात ३१,२०० होता, कारण जे उतरायचं ते आधीच उतरलं होतं आणि डॉलर तोवर ८१ च्या वर गेला होता. आणखी दीड महिना थांबून १,६०० रुपये वाचले असते, आणि त्याच दीड महिन्यात तिने दसऱ्याआधीचे अकरा जादा व्ह्यू केले.

"नवी पिढी येऊ द्या" असं सांगणारेही भोवती होते. २० सप्टेंबरला ४० ची मालिका जाहीर झाली, पण १,५९९ डॉलरच्या ४०९० पासून. तिच्या खिशाला परवडणारं कार्ड, ४०६०, यायला २९ जून २०२३ उजाडलं. २९९ डॉलरला, आणि मेमरी ८ जीबी. ज्या एका गोष्टीसाठी तिला कार्ड बदलायचं होतं ती नव्यात कमी झाली होती. दहा महिने वाट बघून तिला तेच कार्ड घ्यावं लागलं असतं जे ती ऑगस्टपासून वापरत होती.

एप्रिलच्या ४३,००० ऐवजी ३२,८०० ला मिळालं, म्हणजे थांबून १०,२०० वाचले. थांबण्यात ब्रोशरचे ३०,००० गेले, एप्रिल-मेचे ९,००० गेले, पावसाळ्याचे साधारण साडेतीन हजार. हे मी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खाली सही केली आहे.

तीन वर्षांनी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. आता तिच्याकडे मदतीला एक मुलगी आहे आणि वॉकथ्रूची, म्हणजे घरातून फिरून दाखवणाऱ्या व्हिडिओची कामं येतात. १२ जीबी भरायला लागले होते. तिला ५०६० टीआय हवं होतं, १६ जीबीचं.

या वेळी आधी मी वही विचारली. तिने ती भरूनच फोन केला होता: महिन्याला एक वॉकथ्रू सुटतो, सीझन चालू आहे. मग आम्ही भावाच्या कारणाकडे वळलो, आणि ते २०२२ च्या नेमकं उलट होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे रॅमचे भाव ऑक्टोबरपासून चढत होते. तिच्या मशीनला लागणारी रॅमची पट्टी काही महिन्यांत दुपटीच्या वर गेली होती. ३ डिसेंबरला मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना मेमरी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते, आणि १६ जीबीच्या कार्डावर जास्त असते. या चढीला मर्जसारखी शेवटची तारीख कोणीच दिलेली नव्हती. कुठल्या दिवशी काय संपेल म्हणून थांबायचं, असं मी तिला विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

कार्डाला १८० वॅट लागतात, म्हणजे २०२२ चा एसएमपीएस पुरतो. यूपीएसही पुरतो. त्याच शनिवारी तिने ते घेतलं. ३०६० आता शेजारच्या टेबलावर त्या मुलीच्या मशीनमध्ये आहे, आणि जुनी वहीही तिच्याकडेच दिली आहे. सोडलेलं प्रत्येक काम ती तारखेसकट त्यात लिहिते.